एक ‘नाही’ हवा होता

११ जुलै २०२५, शुक्रवार. रात्र.

काल गुरुपौर्णिमा. सकाळी अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, फोटोला हार घालून ऑफिसला गेले. संध्याकाळी घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि टीव्ही लावला, तर खाली पट्टी फिरत होती. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, म्हणजे संघटना बेकायदेशीर जाहीर करायचा अधिकार सरकारला देणारं, विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर. दूध उतू गेलं तरी कळलं नाही. उघड विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोलेंनी, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकुलत्या एका आमदाराने. २८८ जणांच्या सभागृहात एक माणूस. बाकी विरोधी पक्षातली, आपली म्हणवणारी माणसं बोलली, शंका काढल्या, सूचना केल्या आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा गप्प बसली.

आज विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही ते मंजूर झालं. हे वाचून कालच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. आज त्यातला धोका कळत होता, तर काल का नाही कळला? एका रात्रीत विधेयकाचा एक शब्द तरी बदलला होता का?

रात्री झोप लागली नाही म्हणून त्याचा मसुदा पुन्हा वाचायला घेतला. विधेयक तपासणाऱ्या संयुक्त समितीने उद्देशात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना’ असे शब्द घातले आहेत. मुख्यमंत्री म्हणाले, हे डाव्या पक्षांविरुद्ध नाही. पण ‘कडवा’ कोण ते सरकारच ठरवणार. संघटना बेकायदेशीर जाहीर झाली की तिच्याशी संबंध ठेवणाऱ्याला, गुन्हा कोणता त्याप्रमाणे, दोन ते सात वर्षांपर्यंत कैद, दोन ते पाच लाखांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. ज्या ओळीपाशी मी दरवेळी अडते ती वेगळीच आहे. प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्था यांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं किंवा तशी शिकवण देणं, हेही बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बसतं. कामावर हजर व्हा अशी नोटीस आलेली असताना ‘जाऊ नका, संप सुरू ठेवा’ असं मी एखाद्या बाईला सांगितलं, तर मी काय केलं? परवाच, ९ तारखेला, चार श्रम संहितांविरुद्ध देशभर संप झाला. आम्ही पन्नासेक जण गेटवर उभे राहून घोषणा देत होतो. पावसाने फलकावरचा लाल रंग ओघळून माझ्या मनगटापर्यंत आला होता. दुसऱ्याच दिवशी सभागृहात हे.

आमच्या मतदारसंघात गेल्या नोव्हेंबरात, विधानसभेला, डावा उमेदवारच नव्हता. जागावाटपात डाव्यांच्या वाट्याला मोजक्या जागा आल्या, आमची त्यात नव्हती. महाविकास आघाडीचा उमेदवार ज्या पक्षाचा, त्या पक्षाला अण्णांनी जन्मात मत दिलं नसतं. मी दिलं. नुसतं दिलं नाही, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तीन आठवडे चाळीचाळीतून फिरले. लोक विचारायचे, ताई, तुम्ही लाल बावट्याच्या, यांच्यासाठी कशा काय आलात? मी सांगायचे की संविधानासाठी, विरोधी पक्ष शिल्लक राहावा यासाठी. सभागृहात वेळ येईल तेव्हा ‘नाही’ म्हणणारं कोणीतरी हवं. हेच शब्द होते माझे. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, आघाडीचे मिळून जेमतेम पन्नासच्या घरात आले, पण आमचा आला. त्या रात्री मी पेढे वाटले होते.

विधेयकावर हरकती मागवल्या तेव्हा आमच्या युनियनने दोन पानी निवेदन तयार केलं. साडेबारा हजारांहून जास्त हरकती-सूचना समितीकडे गेल्या, त्यात आमचंही एक. त्याची प्रत घेऊन आम्ही चौघी आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. दीड तास बसवलं, पण भेटले. निवेदन वाचलंही, निदान पहिलं पान. म्हणाले, ‘‘ताई, निश्चिंत राहा, हे आम्ही होऊ देणार नाही.’’ पोचेवर निळा शिक्का मारून दिला, तारखेखाली कारकुनाची सही. ती पोच माझ्यासमोर आहे. शिक्का जरा तिरका बसलाय.

राग कशाचा आलाय ते शोधतेय. हरण्याचा नाही. डाव्या घरात वाढलेल्या मुलीला हरण्याची सवय असते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. तो संप आम्ही हरलो. अण्णांना परत आत घेतलंच नाही. आईने खानावळीचे डबे सुरू केले, ते माझ्या नोकरीपर्यंत चालले. त्याआधी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, १९७० साली, आणि परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी हरल्या. अण्णा त्या अंत्ययात्रेबद्दल बोलायला लागले की मध्येच थांबायचे आणि तंबाखूची डबी उघडायचे. इतकं सगळं हरून त्यांनी मतदान मात्र एकदाही चुकवलं नाही. त्या दिवशी सकाळी सातच्या आत आंघोळ, धुतलेला शर्ट, आणि रांगेत पहिल्या दहात. १९६७ ला पहिलं मत दिलं ते कम्युनिस्ट नेते डांग्यांना आणि डांगे लोकसभेत गेले, हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज चढायचा. पोहोचले होते ना तिथे? गिरणीतल्या माणसाचं म्हणणं दिल्लीत कोणीतरी उभं राहून मांडत होतं. ते पुढे पडलं तर पडलं, पण बोललं गेलं, नोंदलं गेलं.

मलाही तेवढंच हवं होतं. विधेयक अडणार नाही हे मला आकडे बघून ठाऊक होतं. पन्नास जणांनी ‘नाही’ म्हटलं असतं तरी ते मंजूरच झालं असतं. पण मतविभागणी मागितली असती, तर कोण कुठे उभं होतं ते कागदावर आलं असतं. आवाजी मतदानात गप्प बसलेल्या माणसाची नोंदच होत नाही. तो आला नव्हता, झोपला होता, घाबरला होता की त्याला पटलं होतं, काहीच कळत नाही. माझं मत त्या गप्प बसण्यात जमा झालं.

आणि ही तीच माणसं आहेत ज्यांनी हिंदीसक्तीच्या प्रश्नावर गेले महिनाभर रान उठवलं. ते योग्यच होतं, मीही त्यात होते. २९ जूनला शासन निर्णय मागे घ्यावे लागले तेव्हा ऑफिसात आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या. म्हणजे मनावर घेतलं तर ही माणसं सरकारला माघार घ्यायला लावतात. या विधेयकावर मनावर घेतलं नाही, कारण ‘नक्षलवाद्यांची बाजू घेतली’ असं कोणी म्हणेल ही भीती. त्या एका भीतीपायी संप करणाऱ्या बायका, जमिनीसाठी मोर्चे काढणारे आदिवासी, धरणग्रस्त, सगळ्यांना वाऱ्यावर सोडलं. निकोले ज्या डहाणू-तलासरी भागातून येतात तिथे १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारी नाकारायला शिकवलं. तेव्हाच्या प्रस्थापित कायद्याला ते रुचलं नव्हतंच.

माझ्या पक्षावरही मी नाराज आहे, हे आज तरी लिहायला हवं. इतकी वर्षं आम्ही कोणाला तरी पाडण्यासाठी कोणाला तरी मत द्या असं सांगत आलो. आमच्या वॉर्डात शाखा कधी बंद झाली ते मला नक्की आठवत नाही. मित्रपक्षाकडून जागा मागताना आम्ही जेवढं भांडतो, तेवढं त्यांच्याकडून एखाद्या कायद्याबद्दल लेखी शब्द घेताना भांडलो असतो तर? तोंडी आश्वासनावर मीच विश्वास ठेवला आणि तेच पुढे घरोघरी पोहोचवलं.

ते घरोघरी पोहोचवलेलं आज दारात परत आलं. मागच्या गल्लीतली एक बाई अंगणवाडीत मदतनीस आहे. २०२३ च्या डिसेंबरात त्यांचा संप सुरू झाला तेव्हा तिला महिन्याला ५,५०० रुपये मानधन मिळायचं. कारवाईच्या नोटिसा आल्या, सासू म्हणाली सोड हे, पण ही जवळजवळ दोन महिने मागे हटली नाही. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आझाद मैदानात जायची. विधानसभेला ती मत देणारच नव्हती. ‘‘सगळे सारखेच, ताई,’’ म्हणाली होती. मी तिच्या ओट्यावर अर्धा तास बसून तिचं मन वळवलं. तिच्यासोबत तिच्या दोन जावा आल्या, सासूही आली. चार मतं.

आज संध्याकाळी भाजी घेताना भेटली. हातात मोबाईल होता, कोणीतरी बातमी पाठवलेली. म्हणाली, ‘‘ताई, यात आपला संप पण येतो का हो?’’ मी म्हटलं, उद्या तसा अर्थ लावायचा म्हटलं तर लावता येईल. थोडा वेळ ती मेथीची जुडी उलटसुलट करत राहिली. मग विचारलं, ‘‘आणि आपले साहेब काय म्हणाले तिथे?’’

‘आपले साहेब’. हे तिला मीच शिकवलं होतं.

सांगितलं, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही म्हणाले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली आणि मेथीचे पैसे दिले. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, विचारायला जाऊया का? तर म्हणाली, चला.

घरी येऊन पत्र लिहिलं. दोन पानी नाही, चार ओळींचं. १० जुलैला विधेयक मताला आलं तेव्हा आपण सभागृहात होतात का? असाल तर ‘होय’ म्हणालात की ‘नाही’? काहीच म्हणाला नसाल तर का? उत्तर लेखी हवं. सोबत शिक्का मारलेल्या पोचेची झेरॉक्स जोडली आहे. खाली माझी सही केली आणि तिच्या सहीसाठी जागा ठेवली.

शनिवारी साहेब कार्यालयात बसतात. ती अंगणवाडी आटोपून एकच्या सुमारास येईल. जावांनाही विचारते म्हणाली.