एकोणीस चुका

गेल्या आठवड्यात मला ७८ पूर्ण झाली. या वयात वाढदिवसाची भेट म्हणजे कपाटात जागा करण्याचं काम, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. भिंतीवरची घड्याळं, फोटोच्या चौकटी, ‘असू दे गं, उपयोगी पडेल’ म्हणून दिलेले आणि कधीच उपयोगी न पडलेले डब्यांचे संच. देणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्यातली कुठलीही वस्तू माझ्याऐवजी शेजारच्या बाईंना दिली असती तरी चाललं असतं.

हे मत पहिल्यांदा डळमळलं ते गेल्या वर्षी, आणि तेही भांडणानंतर. लेक आली, म्हणाली, “आई, चपला घाल आणि सरळ उभी राहा, हात सैल सोड.” मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत तिने टेपने माप घेतलं. मला वाटलं, काहीतरी शिवायला टाकते आहे. चार दिवसांनी काठी आली. बरोबर त्या मापाची. मी ‘छान आहे’ म्हटलं आणि दाराआड उभी करून ठेवली. तीन आठवडे तिच्याकडे पाहिलंही नाही.

राग काठीचा नव्हता. जिना उतरताना मी हल्ली आडवी होऊन एकेक पायरी उतरते, खोलीतून खोलीत जाताना भिंतीला हात लावत जाते, हे माझं गुपित होतं. निदान मला तसं वाटत होतं. ती काठी म्हणजे ‘मी पाहिलंय’ असं लेकीने मला तोंडावर सांगणं होतं. चोरी पकडली गेल्यावर चोराने आभार कसे मानायचे?

शेवटी गुडघ्यानेच तडजोड करायला लावली. तर मी काठी चुकीच्या हातात धरली. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात, असा माझा सरळ हिशेब. लेक म्हणाली, “डाव्या हातात धर. चालताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात आपोआप पुढे जातो ना? मग काठीही त्याच्याबरोबर पडते आणि भार वाटला जातो.” करून पाहिलं आणि गप्प बसले. आता काठीच्या टोकाचं रबर झिजलं की बदलायची आठवण मीच तिला करते.

या वर्षी मुलगा दिवा घेऊन आला. इथे थोडं मागे जायला हवं. मी ३४ वर्षं मुद्रितशोधनाचं, म्हणजे छापण्याआधीची मुद्रितं (प्रूफं) तपासण्याचं काम केलं. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची तेव्हापासून. अक्षराचा पाय मोडलेला खिळा कुठला आणि शाई कमी लागली कुठे, हे मला चष्म्याशिवाय कळायचं. तेव्हा गुडघ्याचं एक वेळ सोडा, पण डोळ्यांबद्दल कुणी काही बोललेलं मला खपत नाही. वाचताना मी सकाळी पूर्वेच्या खिडकीशी बसते, दुपारी खुर्ची ओढत दुसऱ्या खिडकीकडे नेते आणि संध्याकाळी ‘कंटाळा आला’ म्हणून पुस्तक मिटते. कंटाळा कसला, दिसत नाही!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं. वयाबरोबर बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट पडतं आणि साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. मी घरी येऊन हे सगळं एकदाच सांगितलं आणि विसरून गेले. मुलगा विसरला नाही. वाढदिवसाच्या आदल्या रविवारी तो आला, माझ्या खुर्चीत बसला, माझंच पुस्तक उघडलं आणि दिवा वरखाली, पुढेमागे करत राहिला. मी उजव्या हाताने लिहिते, म्हणजे हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून दिवा डावीकडे हवा. बल्ब थेट डोळ्यांत येऊ नये म्हणून मान इतकी वाकलेली हवी. बटण वायरवर, अंधारात चाचपूनही सापडेल एवढं मोठं. अर्धा तास हे चाललं होतं. दिवा कुणीही आणला असता. माझ्या खुर्चीत बसून बघणारा हा एकच. खुर्ची आता एका जागी असते आणि मला संध्याकाळी कंटाळा येत नाही.

(जावयांनी मनगटी घड्याळ दिलं. ते पावलं मोजतं, नाडी मोजतं आणि फार वेळ बसलं की थरथरून ‘उठा’ म्हणतं. ७८ वर्षांच्या बाईला असं बोलण्याची त्यांची स्वतःची हिंमत नाही, म्हणून घड्याळ नेमलं असावं. सध्या ते खणात पावलं मोजतंय.)

आणि मग नात. तिने एक लांबट पाकीट हातात ठेवलं. आत सहा पानं, एका बाजूला छापलेली, अक्षर मोठं, ओळींत भरपूर जागा, दोन्हीकडे रुंद समास. अगदी गॅली मुद्रितासारखी, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या लांबट प्रूफासारखी! घरातल्या प्रत्येकाने माझ्याबद्दल एकेक परिच्छेद लिहिला होता. सोबत लाल पेन. “आजी, यात मी मुद्दाम सतरा चुका पेरल्यात. शोध.”

अशी भेट मला आजवर कुणी दिली नव्हती. कौतुकाची पत्रं मिळाली आहेत, ती वाचताना कानकोंडं व्हायला होतं. इथे कौतुक वाचायला मला एक काम मिळालं होतं. ‘आर्शिवाद’ पहिल्याच ओळीत सापडला. रफार पळवणं ही सगळ्यात जुनी खोडी. मग ‘कोट्यावधी’, ‘दुरावस्था’, एका त-चं ‘महत्व’, विसर्ग गिळलेली ‘मनस्थिती’. एका ठिकाणी शब्दच गाळला होता, तिथे काकपद, म्हणजे राहिलेला शब्द घालायची खूण, घातलं. ‘दिर्घायुष्य’ दुरुस्त करताना हसू आलं, कारण त्यातला ‘दी’ दीर्घ असायला दुसरं कारण लागूच नये.

धाकटा नातू मदतीला बसला. त्याला म्हटलं, तू मोठ्याने वाच, मी बघते. आम्ही पूर्वी हेच करायचो. एकाने हस्तलिखित वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची. काम घरी आणलं की ‘हे’ वाचायचे. “तथापि स्वल्पविराम असे असले तरी स्वल्पविराम...” मुलगा लहानपणी ते ऐकत झोपायचा.

संध्याकाळी दिव्याखाली मोजणी केली. माझ्या एकोणीस भरल्या. नातीने तिची यादी काढली, सतराच होत्या. दोन चुका पेरलेल्या नव्हत्या, आपोआप उगवल्या होत्या. एक जावयांचं ‘उज्वल’. त्यांना मी काही बोलले नाही, नुसता समासात दुसरा ज लिहिला.

दुसरी मुलाच्या परिच्छेदात होती. ‘बाबा रोज रात्री आईला गोष्टी वाचून दाखवायचे,’ असं त्याने लिहिलं होतं. व्याकरण चोख, पण मजकूर चूक. त्या गोष्टी नव्हत्याच. एक वर्षभर तर ते बीजगणिताचं पाठ्यपुस्तक वाचत होते आणि मला पेंगायची चोरी होती. मी ‘गोष्टी’वर लाल रेघ मारली. समासात ‘मुद्रिते’ लिहिलं. थोडा वेळ पेन तसंच हातात धरून बसले. मग खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं दिली आणि समासातलं ‘मुद्रिते’ काढून टाकलं.

नातीने विचारलं, “आजी, ही टिंबं कसली?”

“खोडलेलं रद्द,” मी म्हटलं. “आहे तसंच छापा.”