तुम्ही विचारलंत म्हणून : कमिशन सोडून फी का घेत नाही?

"काका, तुम्ही कमिशन सोडून सरळ फी का घेत नाही?" मी म्युच्युअल फंड विकतो आणि महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक वेळा पुण्यात किंवा बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा असतो. आईवडिलांचं म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट त्याने मोबाइलवर उघडलेलं असतं आणि त्यातला 'रेग्युलर' (म्हणजे मध्यस्थामार्फत घेतलेला) हा शब्द त्याला खुपलेला असतो. तो शांतपणे विचारतो, चिडतो मीच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कमिशन वाचलं तर आईवडिलांचे पैसे वाढतील, हा तुमचा हिशोब चुकीचा नाही. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट, म्हणजे मध्यस्थाशिवाय थेट घ्यायचे, प्लॅन आहेत. माझ्यामार्फत घेतलं तर लाखाला वर्षाकाठी साधारण आठशे रुपये ट्रेल (पैसे गुंतलेले असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन) म्हणून माझ्याकडे येतात, डायरेक्टमध्ये ते तुमच्याकडेच राहतात. महिना ५,००० ची एसआयपी वीस वर्षं चालली आणि १२ टक्क्यांऐवजी ११.२ टक्के मिळाले, तर शेवटी जवळपास पाच लाखांचा फरक पडतो. हे मी लपवत नाही, आणि लपवायची सोयही नाही, कारण २०१६ पासून सहामाही स्टेटमेंटवर माझं कमिशन रुपयांत छापून येतं. ज्याचे पन्नास लाख आहेत तो मला वर्षाला चाळीस हजार देतो आणि दोन लाखवाला सोळाशे. काम मात्र दोघांचं सारखंच, उलट दोन लाखवाल्याचं जरा जास्तच.

पण "कमिशनवर सरसकट बंदी आणा" असं तुम्ही म्हणता, ते मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात बसून ऐकतो. हे गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांचं गाव. सोनं आणि प्लॉट यांच्यापलीकडेही पैसा ठेवता येतो, हे पटवण्यात माझी पहिली पाच वर्षं गेली. वर्षाला पंधरा हजार फी घेणारा सल्लागार पुण्यात मिळेल. इथे तीन हजारांची एसआयपी करणाऱ्या बाईला ती फी म्हणजे पाच महिन्यांचे हप्ते. ती फी भरणार नाही. ती बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारेल आणि तो समोर ठेवेल त्यावर सही करेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. १ ऑगस्ट २००९ ला सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, एंट्री लोड बंद केला. तोवर गुंतवणुकीतून सव्वादोन टक्के आधीच कापले जायचे आणि त्यातून आमचं भागायचं. आता सल्ल्याचे पैसे गिऱ्हाइकाने वेगळ्या चेकने द्यायचे होते. मी पावतीपुस्तक छापून घेतलं आणि वर्षाला फक्त पाचशे रुपये ठेवले. एकशे चाळीस घरांपैकी अकरा घरांनी दिले. बाकीच्यांनी चहा दिला, पोरांच्या शाळेची चौकशी केली आणि चेकचा विषय निघाला की गप्प झाले. मग मी विमा विकायला लागलो. तिथे आधीच हातात पडणारं कमिशन सुरूच होतं, पहिल्या वर्षी हप्त्याचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त.

बाई मला चौथीला होत्या. निवृत्त झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात आले, तशा त्या २०१० च्या फेब्रुवारीत माझ्याकडे आल्या. वर्षाला साठ हजार हप्त्याची एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी मी त्यांना दिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मागे कुणी अवलंबून नसलेल्या बाईला विम्याची काय गरज होती? फॉर्म भरताना त्यांनी एकच विचारलं, "यात तुला काही मिळतं ना रे?" मला मिळावं, अशीच त्यांची इच्छा होती. मी म्हणालो, "मिळतं थोडं." ते थोडं म्हणजे पंधरा हजार रुपये होते.

दोन हप्ते त्यांनी वेळेवर भरले. २०१२ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत पॉलिसीचा बाँड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यातले काढून दे." मी त्यांच्यासमोरच शाखेत फोन लावला. तीन हप्ते पूर्ण नाहीत, सरेंडर व्हॅल्यू शून्य, म्हणजे पॉलिसी मोडून काहीच मिळणार नाही. हा नियम मला ठाऊक होता. तरीही फोन लावला, दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळावं म्हणून. एक लाख वीस हजार गेले होते. मी म्हणालो, तिसरा हप्ता मी भरतो, निदान थोडे तरी हातात येतील. बाईंनी हात वर केला, वर्गात गप्प करताना करायच्या तसा. "माझंच चुकलं," म्हणाल्या, "मी नीट विचारायला हवं होतं." बाँड पिशवीत घातला, पिशवीची घडी घातली आणि एकेक पायरी धरून उतरल्या.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की हे एंट्री लोड बंदीने केलं. एका दुकानाला कुलूप लावलं आणि शेजारचं सताड उघडं ठेवलं, तर विकणारा शेजारी जाणारच. हे मी आजही म्हणतो. पण त्या काळात फंडांचंच काम करत, अर्ध्या कमाईत तगून राहिलेले दोघं मला माहीत आहेत. मीही तगलो असतो. २०१३ पासून मी विमा विकत नाही. म्हणजे कमिशनने माणूस बिघडतो, हे मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. तरीही बंदी नको म्हणतो. या दोन गोष्टींची सांगड मला घालता आलेली नाही.

ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस कमिशन बंद केलं, याचा दाखला तुम्ही देता. पण त्याच्या आगेमागे तिथल्या बँकांनी लहान गिऱ्हाइकांना सल्ला देण्याचं काम आवरतं घेतलं. थोडे पैसे असलेल्यांना सल्ला परवडत नाही, हे २०१६ साली तिथल्या अर्थखात्याच्या आणि नियामकाच्या अहवालातच आलं. आपल्याकडे तर सेबीकडे नोंदलेले फी घेणारे सल्लागार अख्ख्या देशात हजाराच्या आसपास. आणि २०२० पासून एकट्या माणसाला सल्लागार आणि वितरक (कमिशनवर फंड विकणारा) यांपैकी एकच होता येतं. कायद्याने मी वितरक आहे, सल्लागार म्हणवूनही घेऊ शकत नाही.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी एकतीस घरांशी बोललो. काढून टाका म्हणणारे सात होते, सातही थांबले. त्या फोनांचे पैसे कुणी दिले, तर त्या आठशे रुपयांनी.

गेल्या महिन्यात असाच एक मुलगा आला. आईचे सगळे फंड डायरेक्टला न्यायचे होते. फॉर्म मीच भरून दिला. कर कुठे लागेल, एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याची कपात, कुठे बसेल, तेही सांगितलं. तो गाडी काढायला गेला तेव्हा त्याची आई खुर्चीतच बसून राहिली. "बाजार पडला की तुमच्याकडेच येऊ ना?" म्हणाली. मी म्हणालो, या. "मग तुमचे पैसे कसे द्यायचे?"

बाहेर हॉर्न वाजला आणि ती उठली.