मास्तरांचं नको, माझ्या कागदाचं काय केलं ते सांगा

धाकट्याने त्या रात्री वरणभात चमच्याने खाल्ला. आमच्याकडे तापाने फणफणलेलं माणूसही वरणभात हातानेच खातं. थोरलीच्या लक्षात आलं. "आई, त्याचा उजवा हात बघ." मुठीच्या हाडांवर दोन आडवे काळेनिळे वळ होते. लाकडी फूटपट्टी उभी धरून मारली की असे उठतात. पाचवीचा शिष्यवृत्तीचा जादा तास, दशांश अपूर्णांकांचा भागाकार, टिंब एक घर चुकलेलं. डिसेंबर 2022 मधला शुक्रवार.

मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. दाखला मुदतीत मिळाला नाही तर कुणाकडे अपील करायचं हे मी गिऱ्हाइकांना झोपेतही सांगेन. स्वतःच्या पोराचा अर्ज लिहायला बसले तेव्हा पहिल्या दोन ओळींतच अडकले.

शनिवारी सकाळी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, दिसतंय ते लिहा. त्यांनी केसपेपरवर वळांची जागा आणि लांबी लिहिली, आणि खाली 'शाळेत पट्टीने मारल्याचे मुलगा सांगतो' अशी ओळ टाकली. पुढच्या दोन वर्षांत त्या केसपेपरच्या मी किती झेरॉक्स काढल्या त्याची गणती नाही.

सर वाईट शिक्षक होते असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सहापर्यंत थांबून मुलांना फुकट शिकवायचे. दरवर्षी त्यांची दोन-तीन पोरं शिष्यवृत्तीत यायची, एखादं नवोदयला लागायचं. त्यामुळे गाव त्यांच्या बाजूने. सासूबाई म्हणाल्या, "मास्तरनं मारलं म्हणून कुणी पंचायत समितीत जातं होय?" धाकटाही रडवेला झाला, "आई, तू येऊ नको शाळेत." त्याच्या वर्गातल्या आणखी चार-पाच जणांच्या हातांना तोच प्रसाद होता, पण त्यांचे आईबाप माझ्याशी दाराआड बोलायचे आणि चावडीवर गप्प.

सोमवारी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दिला. ते म्हणाले, "ताई, पोच कशाला? आपण घरचीच माणसं." मी दुसरी प्रत पुढे सरकवली आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. शिक्का शोधण्यात दहा मिनिटं गेली, पण पोच मिळाली.

मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, आले. मुलांचे जबाब त्यांनी वर्गातच घेतले आणि सर दारात उभे होते. "सर मारतात का रे?" "नाही सर." निष्कर्ष निघाला की गैरसमजातून तक्रार झाली असून संबंधितांस तोंडी समज देण्यात आली आहे. जे घडलंच नाही त्याबद्दल समज कशी देतात हे मी त्यांना विचारलं. ते हसले आणि चहा सांगितला.

2 जानेवारी 2023 ला मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 त्यात लिहिलं, मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आणि दिल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. आवक क्रमांक घेतला. विस्तार अधिकारी बाई चौकशीला येऊन गेल्या आणि त्यांनी मात्र एकेका मुलाला वेगळं बसवून विचारलं, असं धाकट्याकडून कळलं. मला बरं वाटलं. त्यानंतर सामसूम. फोन केला की "चौकशी चालू आहे", गेलं की "साहेब मीटिंगला". सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण मी गिऱ्हाइकांना हसत हसत ऐकवायचे, ती आता माझ्यावर आली.

आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाकली. तिथे 21 दिवसांची मुदत असते. विसाव्या दिवशी उत्तर आलं, 'आपली तक्रार संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे', आणि तक्रार निकाली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच ती पाठवली होती.

मार्चमध्ये माहितीचा अधिकार वापरला. जोडपत्र अ या नमुन्यातला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. चौकशी अहवालाची प्रत आणि सरांवर काय कारवाई केली ते मागितलं. उत्तर आलं ते एकदम कायदेशीर. कलम 8(1)(ञ), वैयक्तिक माहिती, गिरीश देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल, सबब माहिती देता येत नाही. नोकरदाराच्या नोटिसा, शिक्षा वगैरे त्याची खाजगी माहिती आहे, व्यापक जनहित दाखवलं तरच उघड करता येते, असा त्या निकालाचा गाभा. तो मी तीनदा वाचला. माझ्या पोराचा हात गावात सगळ्यांनी पाहिला होता, सरांची नोटीस तेवढी खाजगी.

इथे मी सोडून दिलं असतं. पण केंद्रावर पेन्शनच्या कामाला एक नाना येतात, जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ते उत्तर चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही चुकीच्या माणसाबद्दल विचारताय. मास्तरांचं काय केलं ते विचारू नका. तुमच्या कागदाचं काय केलं ते विचारा. तुमचा कागद काही कुणाची खाजगी माहिती नाही."

मग त्यांनी तिथेच माझ्याच प्रिंटरच्या रद्दीवर प्रश्न लिहून दिले. माझा 2 जानेवारीचा अर्ज, आवक क्रमांक अमुक, कोणकोणत्या टेबलावर गेला? प्रत्येक टेबलावर कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला गेला? त्यावर कार्यवाही करण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांची नावं आणि पदनामं? त्या नस्तीतील टिपणीच्या पानांची प्रत? महाराष्ट्रात माहिती अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच लागतो. नानांचे प्रश्न मोजले तर साठ शब्दसुद्धा भरले नाहीत. "लांब अर्ज म्हणजे त्यांना पळवाट," नाना म्हणाले.

तोवर सरांवरचा माझा राग बराच ओसरला होता. एका माणसाचा हात उठला, तो चुकला. पण त्या चुकीवर तीन खुर्च्या शांतपणे बसून होत्या. त्यांना ती चूक ठाऊक होती की नाही, एवढंच मला आता पाहायचं होतं.

महिन्याने उत्तर आलं, 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने समक्ष अवलोकन करावे.' त्यांना वाटलं असेल, बाई कुठली येतेय. पण दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना दप्तर पाहू द्यावं असा 2018 चा शासन निर्णय आहे, तोही मला नानांनीच सांगितला. 12 जून, सोमवार. केंद्र थोरलीवर सोपवलं आणि पावणेतीनलाच पंचायत समितीत जाऊन बसले.

नस्ती यायला साडेतीन वाजले. गुलाबी पुठ्ठा, पांढरी नाडी, वर मार्करने 'तक्रार – संकीर्ण'. मी पहिल्यांदाच सरकारी फाइल आतून पाहत होते. उजवीकडे पत्रव्यवहार, डावीकडे टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे. विस्तार अधिकारी बाईंचा अहवाल चार पानी, 3 फेब्रुवारीचा. सहा मुलांचे जबाब सोबत. एकाने लिहिलं होतं, 'पट्टी तुटली तेव्हा सरांनी दुसरी आणायला मलाच पाठवले.' अहवालाची शेवटची ओळ होती, 'तक्रारीत तथ्य आढळून येते, पुढील कार्यवाहीस्तव प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करणे उचित होईल.' त्या बाईंना मी कधी भेटले नाही. त्यांनी त्यांचं काम केलं होतं, महिन्याभरात.

टिपणीवर खाली हिरव्या शाईत एकच शब्द होता. 'चर्चा.' खाली गटशिक्षणाधिकाऱ्यांची झोकदार सही, 7 फेब्रुवारी. त्यानंतर कोरा कागद. 7 फेब्रुवारी ते 12 जून हे मी तिथेच बोटांवर मोजलं. सव्वाशे दिवस. नाना मागाहून म्हणाले की फाइल मारायची असेल तर नकार कुणी लिहीत नाही, नकाराला कारण द्यावं लागतं. 'चर्चा' लिहिलं की झालं. चर्चा कुणी कुणाशी करायची हे कुणी विचारत नाही.

पुढचं पान उलटलं तर टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूची, पेन्सिलने लिहिलेली, सही नसलेली. 'परीक्षा होऊ द्या. मग बदल्या आहेतच.' शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत झाली होती. त्या वर्षी जिल्ह्यात शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या चालू होत्या, आणि सर मे महिन्यात दुसऱ्या तालुक्यात गेलेही होते. म्हणजे निकाल लागला होता. फक्त तो लागला होता आमच्या गावापुरता. सर, त्यांचा जादा तास आणि ती पट्टी आता दुसऱ्या कुठल्या तरी पाचवीच्या वर्गात होती, आणि तिथल्या मुख्याध्यापकांना कुणी काहीच कळवलेलं नव्हतं.

मी फोटो काढायला मोबाइल वर केला तर लिपिक म्हणाले, "मॅडम, फोटो नको, प्रती मागा, देतो." तिथे मी भांडायला हवं होतं. कंटाळले होते, पाच वाजत आले होते. वहीत चिठ्ठीचा मजकूर उतरवला, पानाचा क्रमांक टाकला, आणि प्रती मागितल्या. दोन रुपये पानाप्रमाणे पैसेही भरले. प्रती आल्याच नाहीत. प्रथम अपील केलं, वीस रुपयांचा स्टँप. 'प्रती देण्यात याव्यात' असा आदेश झाला. मोजकी पानं आली, टिपणीची प्रत मिळाली, जबाब नाहीत, चिठ्ठी नाही. डिसेंबरमध्ये राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे द्वितीय अपील टाकलं आणि ते विसरून गेले, कारण तिथली रांग मोठी.

मधल्या काळात जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे नवी तक्रार दिली. या तक्रारीत सरांचं नाव फक्त संदर्भापुरतं होतं. तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांविरुद्ध होती, दोन पानांची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, माझी मुदत 2 एप्रिलला संपली. आणि दप्तर दिरंगाईचा जो 2005 चा कायदा आहे, त्याप्रमाणे एका टेबलावर कागद साधारणपणे सात कामकाजी दिवसांहून जास्त राहू नये. गटशिक्षणाधिकारी बसतात पंचायत समितीत, पण ते शासनाचे अधिकारी, तेव्हा तो कायदा त्यांना लागू. सोबत हिरव्या शाईच्या 'चर्चा'ची प्रत. प्रत मुंबईला राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे, कारण कलम 32 खालचं अपील तिथेच जातं.

हा कागद मात्र हलला. तीन आठवड्यांत सुनावणीचं पत्र. शिक्षकाविरुद्धच्या कागदाला सहा महिने आणि साहेबांविरुद्धच्या कागदाला तीन आठवडे, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

सुनावणीत साहेब समोरच बसले होते. पन्नाशीचे, सौम्य, घामेजलेले. मला वाटलं होतं उर्मट असतील. ते म्हणाले, त्यांच्याकडे दोन तालुक्यांचा पदभार होता, शिवाय चांगल्या शिक्षकाचं वाटोळं होऊ नये असं वाटलं. मुख्य कार्यकारी अधिकारी बाईंनी विचारलं, "मग तसं टिपणीवर का नाही लिहिलं?" त्यावर ते काही बोलले नाहीत. चिठ्ठीचं मी विचारलं. "अशी चिठ्ठी नस्तीत नाही," असं उत्तर मिळालं.

निष्पन्न काय? साहेबांना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि खुलासा मागवला. त्यांच्यावर मोठी कारवाई करायचा अधिकार शासनाचा, प्रस्ताव वर पाठवला, असं मला सांगण्यात आलं. त्याचं पुढे काय झालं ते मला मिळत नाही, पुन्हा तेच 8(1)(ञ). सरांची फाइल त्यांच्या नव्या तालुक्यात गेली आणि तिथे रीतसर चौकशी लागली, एवढं पत्राने कळवलं. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या पंचायत समित्यांना एक पत्र गेलं की शिक्षकांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र नोंदवही ठेवा आणि ती मासिक सभेत मांडा. त्या नोंदवहीचा नमुना छापायला एक लिपिक माझ्याच केंद्रावर आले होते. रकाने मी आखून दिले. 'किती दिवस प्रलंबित' हा रकाना मी आपणहून घातला, त्यांनी काढला नाही.

पुढे ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरचं, शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण झालं. शाळेने आणि पोलिसांनी आधी घालवलेला वेळ, रेल्वे रुळांवर उतरलेली माणसं, उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेली दखल. आमची गोष्ट त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, आणि पोक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात माहिती असून पोलिसांना न कळवणं हा स्वतःच गुन्हा ठरतो, तिथे 'चर्चा' लिहिणाऱ्याला तुरुंगही होऊ शकतो. पण बातम्या वाचताना मला ती पेन्सिलची चिठ्ठीच आठवत होती. त्यानंतर आमच्या शाळेत तक्रारपेटी लागली. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात.

2025 मध्ये माहिती आयोगाची सुनावणी लागली. व्हिडीओ कॉन्फरन्सने, सात-आठ मिनिटं. संपूर्ण नस्तीची प्रत विनामूल्य द्यावी, असा आदेश झाला. पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने आलं, 41 पानं, प्रत्येकावर खरी प्रत असल्याचा शिक्का. धाकटा आता आठवीत आहे. त्यानेच पाकीट फोडलं आणि जबाबांतलं स्वतःचं पान काढून वाचत बसला. मी माझी जुनी वही काढली. माझ्या नोंदीप्रमाणे चिठ्ठी पान 17 ला होती. प्रतींमध्ये 16 आहे, मग 18.