पाचातले चार

वर्गातल्या अभिरूप विधानसभेचा गुणतक्ता अजून कोराच आहे. ह्यांचं म्हणणं, पोरांचा खेळ तो, सगळ्यांना २० पैकी १५ दे आणि झोप. मला नाही जमत.

बारावीच्या वर्गात पक्ष झाले, जाहीरनामे झाले, गुप्त मतदान झालं. एका पोरीच्या पक्षाला ५ जागा आल्या. बहुमत चाचणीच्या आधी, मधल्या सुट्टीत, दुसऱ्या पक्षाच्या एका पोराने त्यातले चौघे फोडले. हटकलं तर शांतपणे म्हणाला, "मॅडम, तिघं पुरत नव्हते. पक्षांतरबंदी कायद्यात आमदारकी टिकवायला दोन तृतीयांश लागतात. एक तृतीयांशवाली फूट २००३ च्या दुरुस्तीने काढून टाकली ना? म्हणून चौथ्याला घेतलं. हे विलीनीकरण आहे."

कुठे बोट ठेवायला जागा नाही. १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची, मग ९१ वी दुरुस्ती, सगळं मीच शिकवलेलं. आकलनाला पैकीच्या पैकी द्यायलाच हवेत. मग पेन का अडतंय?

तिचा जाहीरनामा परत काढला. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी पोरगी. उजनी धरण भरलं तरी आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांनी रोज पाणी देऊ असं लिहून टाकलंय. तिने तसं वचन दिलेलंच नाही. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता सोडणार ते आधी गल्लीत लावू, एवढंच. खाली कारण: 'पाणी अवेळी आलं की त्या दिवशी आईच्या हजार विड्या भरत नाहीत.' मजुरी हजारावर मिळते.

तक्त्यात गटकार्याला ५ गुण. त्याचा गट वाढला, तिचा उरलाच नाही. म्हणजे तिला शून्य? कसं लिहू? एकेक कलम पोरांच्या गळी उतरवायला जीव काढायचा, आणि ते उतरलं तर असं. डोळे भरून आले. त्या चौघांबद्दल तर... जाऊ दे.

पण कायदा वाचून त्यातली वाट हुडकणारा पोरगा रोज कुठे भेटतो? त्याला आकलनाचे पूर्ण दिले, मनापासून दिले. तिला गटकार्याचे पाचही. शेवटपर्यंत गटात तीच तर राहिली. चौघांचे रकाने रिकामे ठेवलेत. का गेलात ते दोन ओळी लिहून आणा, मग बघू.

उद्या तिला पाण्याच्या वेळापत्रकाचा ठराव मांडायला सांगते. एकट्या सदस्याला किती मिनिटं द्यायची ते वर्गाने ठरवावं. बहुमत त्याच्याकडे आहे, मंजूर करून दाखव म्हणावं.