नायक घडतो कशाने? उमरीचा हिशेब

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आला की मराठवाड्यात झेंडावंदन होतं, भाषणं होतात आणि तीच चार-पाच नावं घेतली जातात. गावातला माणूस मात्र राहून जातो. समाजाला नायक लागतो तो याच कारणासाठी: भीतीच्या काळात ‘हे करता येतं’ असं कुणीतरी आधी करून दाखवावं लागतं.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचं. ३० जानेवारी १९४८ रोजी निजामी राजवटीतली तिथली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. पैसा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांसाठी वापरला आणि पुढे त्याचा हिशेबही दिला. धाडस पुष्कळांकडे असतं. गुप्तपणे लढताना पैशाचा चोख हिशेब ठेवणं फार अवघड, आणि मला खरं मोठेपण तिथं दिसतं.

गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची माहिती गोळा करताय? आधी घरी ताम्रपट किंवा पेन्शनचे कागद आहेत का ते बघा. आजोबांना साल विचारू नका, चुकतं. ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी की नंतर?’ असं विचारा. १३ सप्टेंबर १९४८, भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या तो दिवस, ही खूण पक्की आहे. एकच प्रसंग दोन घरांतून ऐका. भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायांची नावं कागदावर सहसा नसतात, ती आवर्जून विचारा. आणि फोटोमागं नाव, गाव लगेच लिहा, पेन्सिलीनं. शाई पुढं उमटते.