कार्टून नेटवर्कची घसरण: चित्रं सोडा, तक्ता बघा

कार्टून नेटवर्कचा विषय निघाला की वाद हमखास चित्रांवर घसरतो. पूर्वीची रेखाटनं भारी होती, आता सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, वगैरे. खरं तर 'अॅडव्हेंचर टाइम' (2010) आणि 'स्टीव्हन युनिव्हर्स' (2013) या मालिका जुन्या कुठल्याही मालिकेच्या पंगतीला बसतात. अमेरिकेतल्या मूळ चॅनलचं काय बिघडलं ते बघायचं, तर एका दिवसाच्या कार्यक्रमांचा तक्ता समोर घ्या.

दिवसात अर्ध्या तासाचे 48 स्लॉट. एका स्लॉटमध्ये साधारण 22 मिनिटं कार्यक्रम, म्हणजे 11 मिनिटांचे दोन एपिसोड, बाकी जाहिराती. आता दोनच गोष्टी मोजा: नवे एपिसोड किती आणि एकच मालिका किती वेळा. 'टीन टायटन्स गो!' 2013 साली सुरू झाली आणि पुढे तासन्‌तास सलग लागू लागली. मालिका टाकाऊ नाही, विनोद चांगले आहेत. पण प्रत्येक एपिसोड स्वतंत्र, मागचंपुढचं काही लागत नाही, त्यामुळे कुठल्याही फटीत बसतो. शिवाय चॅनलच्या मालक कंपनीच्या, वॉर्नरच्या, घरचाच माल. रिकामा स्लॉट भरणाऱ्याला आणखी काय हवं?

उलट कथा पुढे नेणाऱ्या मालिकेला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. 'स्टीव्हन युनिव्हर्स'चे एपिसोड 2015 पासून गठ्ठ्याने सोडले जायला लागले: आठवडाभर रोज एक, मग कित्येक आठवडे सामसूम. त्या आठवड्यात गाजावाजा होतो, पण पोराची सवय मोडते.

मुळात नवा माल येतो कसा, ते पाहिलं की दुखणं कळतं. 1995 पासून 'व्हॉट अ कार्टून!' नावाखाली सात-सात मिनिटांच्या 48 फिल्म दाखवल्या. बहुतेक तिथेच संपल्या. उरलेल्यांतून 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी', 'जॉनी ब्राव्हो', 'काऊ अँड चिकन', 'पॉवरपफ गर्ल्स' निघाल्या. एवढ्या फिल्म वाया घालवायची तयारी असेल तरच त्यातून चार-सहा लागतात. पुढचं कामही वेळखाऊ. 'अॅडव्हेंचर टाइम'सारख्या मालिकेत पूर्ण संवाद लिहिलेली संहिता नसते. दोन-चार पानी आराखडा स्टोरीबोर्डवाल्यांच्या, म्हणजे गोष्ट चौकटीचौकटीने चित्रात मांडणाऱ्यांच्या, हातात देतात. विनोद, संवाद, चेहऱ्यावरचे भाव ते चित्रातच लिहितात. मग आवाज, अॅनिमॅटिक (ती चित्रं आवाजाला जोडून केलेला कच्चा व्हिडिओ), कोरियातल्या स्टुडिओत अॅनिमेशन, परत आल्यावर रिटेक, म्हणजे चुकांची दुरुस्ती. यात काटकसर करायची म्हटली की कात्री आधी स्टोरीबोर्डच्या आठवड्यांवर चालते. पडद्यावर ते असं दिसतं: दोघं समोरासमोर उभे, तोंडं हलताहेत आणि विनोद सगळा बोलण्यात. आवाज बंद करून दोन मिनिटं बघा. काय चाललंय ते कळेनासं झालं, तर बोर्ड कच्चा आहे.

2022 च्या एप्रिलमध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी एक झाले, त्यानंतर घसरगुंडीच. त्याच ऑगस्टमध्ये 'इन्फिनिटी ट्रेन' ही मालिका कंपनीच्याच एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग अॅपवरून काढली. तिचे पहिले दोन सीझन चॅनलवर लागले होते, पुढचे दोन फक्त त्या अॅपवर. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या सीझनला मागे टीव्हीचा आधारही नव्हता. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकची कार्टून नेटवर्क स्टुडिओची इमारत रिकामी केली. त्याच वर्षी याच चॅनलवरचा मोठ्यांच्या कार्यक्रमांचा पट्टा 'अॅडल्ट स्विम' सरकत सरकत संध्याकाळी 5 वर आला. तो सकाळी 6 पर्यंत चालतो, म्हणजे 48 पैकी 26 स्लॉट त्याचे आणि मुलांना उरले 22. त्यातले कितीतरी पोरं शाळेत असतानाचे!

(आपल्याकडे 1995 साली हे चॅनल आलं तेव्हा रात्री त्याच जागी टीएनटी या दुसऱ्या चॅनलचे जुने इंग्रजी सिनेमे लागत. वाटणी तेव्हाही होती.)

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतली वेबसाइटही गेली. तिथले क्लिप आणि गेम काढून टाकले आणि पत्ता थेट मॅक्सकडे (एचबीओ मॅक्सचं तेव्हाचं नाव) वळवला. म्हणजे 'टॉम अँड जेरी' शोधायला गेलेल्या मुलासमोर आधी सबस्क्रिप्शनचं पान उघडू लागलं.