आमची वाटचाल: बीचा दर आणि कटिंगचे हात

मजुरी वाढली म्हणून कारखानदार यंत्रांकडे वळले, असे काजू प्रक्रियेबद्दल सर्रास सांगितले जाते. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या लहानशा कारखान्याने आजवर माणसे वाढवण्याचे, कमी करण्याचे आणि यंत्रे घेण्याचे जे जे निर्णय घेतले, ते मजुरीकडे पाहून नव्हे, तर बीच्या, म्हणजे टरफलासकट कच्च्या काजूच्या, दराकडे पाहून घेतले, आणि हे कागदावर यावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

सुरुवात मेव्हण्यांच्या भागीदारीत झाली. बोरमा, म्हणजे गर सुकवायची भट्टी, त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतला, आणि त्याची उष्णता सगळ्या ट्रेंना सारखी लागते याचा मला आजही अभिमान आहे, कारण गर कमी सुकला तर साल सुटत नाही आणि जास्त सुकला तर सोलतानाच त्याची पाकळी होते, म्हणजे दोन फाके होतात. बाकी सामग्री म्हणजे बी वाफवण्याचा कुकर आणि पायाने चालवायची कटिंग मशिने. वाफवून रात्रभर थंड केलेली बी दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने पाती आवळायची, दांड्याने टरफल उकलायचे आणि सुईच्या टोकाने गर अखंड सोडवायचा, हे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. टरफलातले तेल हाताची कातडी सोलते आणि हात बसायला एक अख्खा हंगाम जातो. आमच्या मावशी पहिल्या दिवसापासून कटिंगला आहेत, आणि त्यांच्या हातून निघणारा अखंड गर मी अजून कोणत्याही यंत्रातून निघालेला पाहिलेला नाही.

हिशेब असा आहे. साधारण चार किलो बीतून एक किलो गर मिळतो, म्हणजे 80 किलोच्या पोत्यातून 20 किलो. बी किलोला 100 रुपये असेल तर किलोभर गरात 400 रुपयांचा कच्चा माल असतो, 160 झाली की 640 रुपयांचा. कटिंगची मजुरी मात्र दोन्ही वेळी तीच राहते. आता स्वयंचलित यंत्राने हातापेक्षा शंभरात दहा गर जास्त फोडले असे धरा. पोत्यामागे दोन किलो माल अखंडातून पाकळीत किंवा तुकड्यात गेला. अखंड आणि तुकडा यांच्या दरात किलोला 100 रुपयांचा फरक असेल तर तोटा 200 रुपये, आणि महागाईत तोच फरक 200 झाला तर तोटा 400 रुपये. वाचलेल्या मजुरीतून पहिला तोटा भरून निघू शकतो, दुसरा सहसा निघत नाही. बी स्वस्त असताना यंत्राची फूट परवडते, महाग झाली की सरावाच्या हाताची किंमत वाढते. पण त्याच वर्षी बँकेच्या तेवढ्याच कर्जमर्यादेत पोती कमी येतात, काम लवकर संपते आणि ज्या हातांची खरी गरज आहे त्यांनाच घरी बसवावे लागते. आमच्या धंद्यातली सगळी ओढाताण या एका गोष्टीत आहे.

2018 चा हंगाम आमच्या जिवावर बेतला होता. बी दीडशेच्या पुढे गेली होती आणि कोकणातली बी फेब्रुवारी ते मे एवढ्याच काळात मिळत असल्याने वर्षाचा साठा त्याच दराने भरावा लागला. शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवरचा 5 टक्के जीएसटी खरेदीदारालाच आधी रोखीने भरावा लागतो. त्याची वजावट मिळते, पण गर विकला जाईपर्यंत तेवढे भांडवल अडकून राहते. पुढे जागतिक बाजार कोसळला. गराचा दर उतरला तसे बँकेने गोदामातल्या साठ्याचे मूल्य कमी धरले, बँकेतून मिळणारी आमची उचल आखडली आणि आठवड्याचा पगार कशातून द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. केरळातल्या कोल्लमकडचे कितीतरी कारखाने त्या काळात बंद पडले. मेव्हण्यांनी आपली कलमांची बाग तारण ठेवली. कोल्हापूरच्या एका मिठाईवाल्यांनी, जे आमच्याकडून काजूकतलीसाठी वर्षानुवर्षे तुकडा नेतात, दिवाळीच्या मालाचे पैसे आगाऊ पाठवले आणि दर पाडून मागितला नाही.

त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या कारखानदाराने आमच्या कटिंगच्या बायकांना उचल देऊन नेले. ते मी विसरलेलो नाही. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचे आयात शुल्क 5 वरून 2.5 टक्क्यांवर आले होते, आणि त्याच्याकडे आफ्रिकेची बी येत होती. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आपल्याबरोबरच असतो, पण टांझानियाची बी आपल्याकडचा हंगाम संपल्यावर, ऑक्टोबरपासून निघते, त्यामुळे त्याचे भांडवल वर्षातून दोनदा फिरते, यंत्र बारा महिने चालते आणि त्याचा हप्ता जास्त पोत्यांवर वाटला जातो. यात काही गैर नाही. पण तोच गर ‘कोकणचा काजू’ म्हणून पाकिटात भरून आमच्या दराखाली विकणे गैर आहे, आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरही ते थांबलेले नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना कोणी विचारले नसले तरी मी सांगतो. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते, म्हणून तरुण मुले आधी स्वयंचलित कटिंग यंत्र घेतात आणि एप्रिलमध्ये बी घ्यायला हातात पैसे उरत नाहीत. आधी बीची तजवीज करा, ती नीट वाळवून साठवायला कोरडे गोदाम बांधा, आणि यंत्राचा विचार मग करा.

आम्हीही नंतर एक यंत्र घेतले. त्यात फक्त बारीक बी जाते, कारण तिचा अखंड गरही कमी दराने विकला जातो आणि फुटीचे नुकसान मर्यादित राहते. वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 या जातींची मोठी बी आजही मावशींच्या ओळीकडेच जाते, आणि यंत्रातून निघालेला तुकडा कोल्हापूरला.